खुला व्यापार: देशाची गरिबी घटली, मग सोयाबीनवाल्याच्या वाट्याला काय आलं?

धागाकर्ता: तावरजाकाठ

१९९१ नंतर देश सुधारला की बिघडला यावर इथे बरेच धागे निघाले. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी खरेच आकडे आले, त्यामुळे वाद जागचा हलला नाही. मला तोच प्रश्न गावाकडून विचारायचाय. खुल्या व्यापाराचा फायदा कोणत्या घरात गेला, तोटा कोणत्या तालुक्यात साचला आणि साचलेला तोटा पुढे ओसरला का? उदाहरण खाद्यतेलाचं घेतोय. मी लातूरचा, अर्थशास्त्र शिकवतो आणि घरची कोरडवाहू जमीन भाऊ करतो. त्यामुळे मोंढ्यातला, म्हणजे शेतमालाच्या घाऊक बाजारातला, सोयाबीनचा दर आणि किराणातला तेलाच्या डब्याचा दर, दोन्ही आमच्या घरात रोजच्या बोलण्यातले.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९१च्या उन्हाळ्यात देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. सोनं गहाण ठेवावं लागलं, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, नाणेनिधीचं कर्ज आलं आणि त्यासोबत आयात खुली करण्याचा दबावही आला. सर्वोच्च आयातशुल्क तेव्हा ३५५ टक्के होतं, ते १९९५ पर्यंत ५० टक्क्यांवर उतरलं. हे सगळं इतक्या घाईत झालं की कोणत्या धंद्याचं शुल्क किती कापायचं यात वशिल्याला फारसा वाव राहिला नाही. अभ्यासकांच्या ते पथ्यावर पडलं. ज्या जिल्ह्यांतली माणसं जास्त कपात झालेल्या धंद्यांत होती, त्यांची बाकीच्या जिल्ह्यांशी तुलना करता आली.

पेटिया टोपालोव्हा या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९८७-८८ आणि १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहण्या समोरासमोर ठेवून हे तपासलं. देशभर गरिबी घटत होती, पण ग्रामीण भागात ज्या जिल्ह्यांना शुल्ककपातीची झळ जास्त बसली तिथे ती हळू घटली. कारण असं की लोक जागचे फारसे हललेच नाहीत. पाठ्यपुस्तकात एक धंदा बसला की कामगार दुसऱ्या धंद्यात जातो. आपल्याकडे शेत, घर, जात, भाषा, म्हातारे आईवडील आणि सावकाराचं देणं हे सगळं गावात असतं. माणूस सहजासहजी जात नाही आणि गेला तर बहुतेकदा एकटा जातो.

आता तेलाकडे. १९८६ साली तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आलं. आज आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. वर्षाला साधारण दीडशे ते एकशे साठ लाख टन, पाम इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफूल युक्रेन-रशियाचं. आमच्या भागात करडईचे पट्टेच्या पट्टे असायचे. आता करडईचं घाण्याचं तेल हौसेने शोधून आणावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तेल स्वस्त झाल्याचा फायदा कोट्यवधी स्वयंपाकघरांत थोडा थोडा वाटला गेला आणि त्यात गरीब घरंही आली, हे मला नाकारायचं नाही. पण तोटा काही ठरावीक जिल्ह्यांतल्या कोरडवाहू शेतकऱ्यांवर एकवटला आणि त्याची भरपाई करायची व्यवस्था आपण कधी उभीच केली नाही. शिवाय आपलं दार एकाच बाजूने खुलं असतं. भाव चढले की आयात खुली होते आणि निर्यात बंद होते. भाव पडले की मात्र सरकारला जाग यायला दोन हंगाम लागतात. ज्यांचा यातल्या कुठल्याही टोकाशी प्रत्यक्ष संबंध आहे त्यांनी लिहावं.

कोरडवाहू

सर, बरं झालं धागा काढला. औसा तालुक्यात आमची जमीन हाय, सगळी पावसावरची. सोयाबीनचं गणित मी सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं हमीभाव जाहीर झाला म्हणजे मिळाला.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी हमीभाव होता ४,८९२. मोंढ्यात चार हजार-बेचाळीसशेच्या आसपास लिलाव व्हायचा. सरकारी केंद्रावर माल न्यायचा तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागायचा. काढणीत पाऊस असला की १२ कुठून आणणार? मशीन लावलं की १७-१८ दाखवायचं. नोव्हेंबरात निवडणुकीच्या तोंडावर १५ टक्क्यांपर्यंत चालंल म्हणून सांगितलं, तवर बारक्या शेतकऱ्याचा माल आडतीवर जाऊन पडला होता. कृषी केंद्राची खता-बियाण्याची उधारी, दिवाळी, पोरांची फी, थांबायला जागाच नसती. ज्याच्याकडं गोडाऊन हाय तो थांबतो.

त्या सप्टेंबरात बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केलं. लोक खूष झाले, वाटलं आता भाव उठतो. तेलाचा डबा महागला. सोयाबीन हाय तिथंच. हे कसं काय, ते कुणीतरी नीट सांगा.

आडत_दुकान

कोरडवाहू दादा, याचं उत्तर पेंडीत आहे. मी मोंढ्यात आडत चालवतो, रोज सकाळी प्लांटचे दर मोबाईलवर येतात आणि त्यावरून आमचा लिलाव ठरतो.

एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. उरलेली ऐंशी-एक किलो पेंड. आता हिशोब करा. तेल शंभर रुपये किलो धरलं तर अठराशे रुपये झाले. पेंड तीस रुपये धरली तर चोवीसशे. म्हणजे सोयाबीनचा अर्ध्याहून जास्त भाव पेंड ठरवते. तेलावर शुल्क लावून तुम्ही लहान बाजूला टेकू दिला. मोठी बाजू त्याच काळात खाली येत होती. मका आणि तांदळापासून इथेनॉल बनवायला लागले, त्यातून डीडीजीएस नावाचा चोथा निघतो. तो स्वस्त पडतो, म्हणून कोंबडीखाद्यवाल्यांनी पेंड कमी करून तो घ्यायला सुरुवात केली. निर्यातीत अर्जेंटिना-ब्राझीलच्या पेंडीपुढे आपली महाग पडते. तेलाचं शुल्क वाढवून शेतकऱ्याला भाव देतो म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. ग्राहकाच्या खिशातून पैसे पूर्ण जातात, शेतकऱ्यापर्यंत तुकडा पोचतो.

आणि उलट बाजूला शासनाचा नेम अचूक लागतो. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. ऑगस्टमध्ये जीएम (जनुकबदल केलेल्या) सोयाबीनच्या पेंडीच्या १२ लाख टन आयातीला परवानगी दिली आणि नवीन माल मोंढ्यात यायच्या वेळेला भाव जवळपास निम्म्यावर. डिसेंबरात सोयाबीनचे वायदेही (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले. देशात जीएम सोयाबीन पेरायला बंदी आणि जीएम सोयाबीनची पेंड आणायला परवानगी, या दोन गोष्टी एकाच सरकारच्या एकाच वेळच्या आहेत.

सुलभा_उदगीर

मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे माझ्यासमोर रोज ज्या बायका असतात त्यांतल्या बहुतेकींना जमीनच नाही किंवा असून नसल्यासारखी आहे. त्यांची बाजू या धाग्यात यायला हवी.

२०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं म्हणून व्हॉट्सअॅपवर आनंद चालला होता. त्याच महिन्यांत तेलाची पिशवी दीडशेच्या पुढे गेली होती. आमच्या गटातल्या बायका किराणातून वीस-वीस रुपयांचं सुटं तेल आणत होत्या. भाजी उकडून वरून थोडं तेल सोडायचं, पोळीऐवजी भाकरी, सणाला तळण नाही. गरीब घरात खर्चाचा मोठा वाटा खाण्यावर जातो, म्हणून तेलाचं शुल्क वाढलं की त्याचा भार श्रीमंत घरापेक्षा या घरावर कितीतरी जास्त बसतो. शेतकऱ्याला भाव मिळावा हे मलाही वाटतं, पण तो मजूर बाईच्या कढईतून काढून देऊ नका.

दुसरं, त्या दहा हजारांतले पैसे लहान शेतकऱ्याला मिळाले तरी का? त्याने माल आदल्या दिवाळीलाच विकला होता, तेव्हा भाव चार हजारांच्या आसपास होता. जुलैत माल होता तो साठवणाऱ्यांकडे. म्हणजे वाढीव भावातून गावातलीच विषमता वाढली.

तावरजाकाठ सर, तुमच्या मांडणीत 'सोयाबीनवाला' एकच माणूस दिसतो. तो एक नाही.

तावरजाकाठ

सुलभाताई, हा मुद्दा मान्य आहे आणि धाग्याला तो हवाच होता. फक्त एक जोड देतो. तुमच्या गटातल्या बाईचा सोयाबीनशी संबंध फक्त तेलापुरता नाही. काढणीचं गुत्तं (ठरावीक रकमेचं काम) घेऊन त्याच बायका दसरा-दिवाळीच्या दिवसांत वर्षातली सगळ्यांत मोठी रोख कमाई करतात. पीक परवडेनासं झालं की ती कमाईही आटते. आमच्याकडे आता हार्वेस्टर फिरायला लागलेत. भाव पडला की शेतकरी पहिला हात काढणीच्या खर्चाला लावतो. म्हणजे स्वस्त तेलातून तिचे काही रुपये वाचतात आणि मजुरीतून किती जातात, हा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. एकाच घराला ग्राहक म्हणून फायदा आणि मजूर म्हणून तोटा असं होऊ शकतं. अभ्यासांत हे दोन परिणाम वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, घरात ते एकाच पाकिटात येतात.

चिंचवडकर

इतका वेळ वाचतोय. दुसरी बाजू मांडतो, कारण ती मी जगलोय.

भोसरीत माझं मशीन शॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. १९९१च्या आधी एक चांगलं आयात बेअरिंग किंवा टूल स्टील मिळवायचं म्हणजे परवाना, दिल्लीच्या चकरा आणि वर शंभर-दीडशे टक्के शुल्क. वडील जुन्या लेथवर काम करायचे, माल नाकारला जायचा. आयात स्वस्त झाली तेव्हा आम्ही पहिलं सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) घेतलं, तेही वापरलेलं. त्यानंतर मोठ्या वाहन कंपन्यांची कामं मिळायला लागली. खुल्या व्यापारावर बोलताना लोक फक्त तयार मालाच्या स्पर्धेचं बोलतात. कच्चा माल आणि यंत्रं स्वस्त झाल्याने इथल्या कारखान्यांना जे पूर्वी बनवताच येत नव्हतं ते बनवता आलं. भारतातल्या नव्या उत्पादनांपैकी जवळपास एकतृतीयांश वाढ आयात सुट्या मालामुळे झाली, असा अभ्यासही आहे, आणि टोपालोव्हाबाई त्याच्या लेखकांपैकी एक आहेत.

माझ्याकडचे निम्मे कामगार लातूर, बीड, नांदेड, परभणीचे आहेत. त्यांच्या पगारातून गावाकडे घरं झाली, बहिणींची लग्नं झाली. माझ्या मते उत्तर तिथे आहे: माणसांना हलता येऊ द्या, कौशल्य द्या. न परवडणारं पीक शुल्काच्या भिंतीआड जगवून काय साधणार?

अर्थबोध

चिंचवडकरांचं म्हणणं सरासरीच्या पातळीवर बरोबर आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने मोजलेली गरिबी १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के होती, २०११-१२ मध्ये २१.९. वाढ झाली नसती तर हे घडलं नसतं, आणि त्या वाढीत खुल्या आयातीचा हात आहे. पण 'माणसं हलतील' या वाक्यापाशी मी थांबेन.

ब्राझीलने १९९० ते १९९५ मध्ये शुल्क झपाट्याने कमी केलं. डिक्स-कार्नेरो आणि कोवाक या दोघांनी नंतरची वीस वर्षं तपासली. सगळ्यांची समजूत होती की झळ बसलेल्या भागांतली मिळकत पाच-दहा वर्षांत सावरेल. दिसलं उलटं. दहा वर्षांनी जेवढा फटका होता, वीस वर्षांनी तो जवळपास तिप्पट झालेला होता. कारखाना बंद पडतो, मग त्याच्या भोवतीची दुकानं, मग नवा कारखाना तिथे यायला तयार नसतो, तरुण निघून जातात, मागे राहिलेल्या भागाची घसरण चालूच राहते. साचलेला तोटा ओसरला का, हा धाग्यातला प्रश्न आहे. निदान ब्राझीलपुरतं उत्तर असं आहे की तो वाढला.

विषमतेवर एक गोष्ट. जुन्या सिद्धांताप्रमाणे आपल्यासारख्या देशात, जिथे अकुशल हात भरपूर आहेत, तिथे व्यापार खुला झाला की अकुशल मजुरी वाढायला हवी आणि दरी मिटायला हवी. मेक्सिको, कोलंबिया, भारत, बऱ्याच ठिकाणी कुशल-अकुशल पगारातलं अंतर वाढलं. एक कारण चिंचवडकरांच्याच शॉपमध्ये उभं आहे: आयात यंत्राला चालवणारा आयटीआय झालेला मुलगा लागतो, हमाल लागत नाही. दुसरं कारण लॅटिन अमेरिकेत स्पष्ट दिसलं. तिथे उदारीकरणाच्या आधी सगळ्यांत जास्त संरक्षण कापड, कपडे, चपला अशा भरपूर मजूर लागणाऱ्या धंद्यांना होतं, म्हणून कपातीचा वारही तिथेच खोल गेला.

कोरडवाहू

चिंचवडकर साहेब, राग मानू नका. आमच्या गावची पोरं तुमच्याकडं कामाला येतात, चांगलंच हाय. पण जो आलाय तो आयटीआयवाला. माझ्या वयाच्या माणसाला, पन्नाशीत, भोसरीत कोण घेणार? वॉचमन म्हणून घेतील. मग इथली जमीन कुणी बघायची आणि तिथली खोली कशात परवडायची?

वऱ्हाडी_पऱ्हाटी

यवतमाळकडून नमस्कार. तुमचं सोयाबीन, आमचा कापूस, कथा एकच हाय जी.

कापसावर २०२१च्या बजेटात ११ टक्के आयातशुल्क लागलं. २०२२ मध्ये भाव चढले, एप्रिलमध्ये शुल्क काढलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड गिरण्यांना दिलासा द्यायचा म्हणून १९ ऑगस्टपासून कापसाचं शुल्क पुन्हा शून्य. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हटलं, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. आमची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास. म्हणजे नेमका आमचा माल घरात येईल त्याच महिन्यांत बाहेरच्या गाठींना मोकळी वाट. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० जाहीर केला होता, बाजारात त्याच्या खालीच खरेदी होती. वॉशिंग्टनने गिरणीवाल्याला चापट मारली अन गाल आमचा सुजला.

गिरण्यांतही लाखो मजूर हायेत, हे मला समजते. तिरुपूरच्या शिलाई मशीनवर बसलेल्या बाईची नोकरी टिकावी, हे मलाही वाटते. पण तिची नोकरी टिकवाचा खर्च सरकारनं उचलाव, यवतमाळच्या कोरडवाहूवाल्यानं काहून उचलाव?

अन खुला व्यापार म्हणता, तर दुसऱ्याचं दार बंद झालं तेव्हा आमच्यासाठी कोण बोललं? वरूड-मोर्शीचा संत्रा बांगलादेशात जायचा. त्यांनी किलोमागे आयातशुल्क वाढवत वाढवत २० टाक्यांवरून ८८ टाक्यांवर नेलं. संत्रा बागेतच पडला. राज्याला निर्यात अनुदान जाहीर कराव लागलं.

आडत_दुकान

नाशिकवाल्यांनी कांद्यावर लिहायच्या आत मीच लिहितो. २०२३च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पूर्ण निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये किमान दराची अट घालून उघडलं, सप्टेंबरात शुल्क २० टक्के, एप्रिल २०२५ मध्ये शून्य. अठरा-वीस महिन्यांत पाच वेळा नियम बदलले. दुबई, कोलंबो, ढाक्याच्या खरेदीदाराने अशा देशाशी वर्षाचा सौदा का करावा?

तावरजाकाठ

इथे शरद जोशींची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला देशातल्या बहुतेक शेतकरी संघटना डंकेल प्रस्तावाच्या (शेतीसकट जागतिक व्यापार खुला करण्याच्या गॅट कराराच्या मसुद्याच्या) विरोधात रस्त्यावर होत्या, तेव्हा जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याला उघड पाठिंबा दिला. त्यांचा युक्तिवाद असा की भारतीय शेतकऱ्याला सबसिडी मिळत नाही, त्याची लूट होते, सरकार निर्यात अडवून आणि भाव पाडून त्याच्यावर उणे सबसिडी लादतं. बाजार खरोखर खुला झाला तर ही लूट थांबेल. त्यावर तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. पण ओईसीडी (श्रीमंत देशांची आर्थिक संघटना) आणि इक्रियर (दिल्लीची संशोधन संस्था) यांचा २०१८चा अहवाल बघा: २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. खतं, वीज, पाणी यांवरचं अनुदान धरूनही उणे. उणे सबसिडी हा सभेतला शब्द राहिला नाही, त्याला आकडा मिळाला.

जोशींना अपेक्षित असलेली अर्धी गोष्ट कधी झालीच नाही, असं मला वाटतं. आयात खुली झाली. निर्यातीचं स्वातंत्र्य मिळालं नाही. १ एप्रिल २००१ ला आयातीवरचे शेवटचे संख्यात्मक निर्बंध (किती माल आणायचा यावरच्या मर्यादा) गेले, पण कांद्याची, तांदळाची, साखरेची, गव्हाची निर्यात कधीही एका अधिसूचनेने थांबते. त्यामुळे 'खुल्या व्यापाराने शेतकरी बुडाला' आणि 'खुला व्यापार शेतकऱ्यापर्यंत आलाच नाही' ही दोन्ही वाक्यं आमच्या जिल्ह्यात एकाच वेळी खरी ठरतात.

अर्थबोध

निर्यात खुली झाल्यावर काय होतं त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण व्हिएतनामचं आहे. त्यांच्याकडे तांदळाच्या निर्यातीवर कोटा होता. नव्वदीत तो सैल होत गेला, देशांतर्गत वाहतुकीवरची बंधनं १९९७ मध्ये उठली आणि तांदळाचा भाव चढला. ग्रामीण भागात गरिबी घटलीच, शिवाय मुलांना कामाला लावणंही झपाट्याने कमी झालं. एडमंड्स आणि पावच्निक यांनी दाखवलं की बालमजुरीतल्या त्या घटीचा मोठा भाग भाववाढीतून आला. हातात पैसे आल्यावर आईबापांनी पोरं शेतातून काढून शाळेत घातली.

पण सुलभाताईंचा आक्षेप इथे कामाला येतो. व्हिएतनाममध्ये सामूहिक शेती मोडताना जमीन घराघरांत बऱ्यापैकी समान वाटली गेली होती. म्हणून भाव वाढला की बहुतेक घरं विक्रेती होती. जिथे गावातली मोठी संख्या भूमिहीन आहे तिथे तीच भाववाढ वेगळं काम करते. व्यापारनीतीचा परिणाम त्याआधीच्या जमिनीच्या वाटपावर ठरतो, हे आपल्या चर्चांत फार कमी येतं.

केरेतारोहून

मी मूळची सांगलीची, नोकरीनिमित्त काही वर्षं मेक्सिकोतल्या केरेतारोमध्ये आहे. वाहन उद्योगाचा हा पट्टा खुल्या व्यापाराने उभा केलाय, पुण्यातल्या कंपन्याही आहेत. इथून दक्षिणेला ओआहाका, चियापासकडे गेलं की तोच देश वाटत नाही. नाफ्टा, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा खुल्या व्यापाराचा करार, १ जानेवारी १९९४ ला लागू झाला, त्याच दिवशी चियापासमध्ये झापातिस्तांनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेने, बंड केलं. अमेरिकेचा अनुदानित मका येणार आणि आपली मिल्पा, म्हणजे मका-घेवडा-भोपळ्याची मिश्र शेती, संपणार ही भीती त्यामागच्या कारणांत होती. मक्याचं शुल्क १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायचं ठरलं होतं. सरकारने कोट्याबाहेरचा मकाही पहिल्या वर्षांपासून बिनशुल्क येऊ दिला. शेतकऱ्याला जुळवून घ्यायला जो वेळ कागदावर दिला होता तो प्रत्यक्षात मिळालाच नाही.

भरपाईची व्यवस्थाच नाही असं तावरजाकाठ यांनी लिहिलंय. मेक्सिकोने ती केली होती, प्रोकाम्पो नावाने. हेक्टरी ठरावीक रक्कम थेट शेतकऱ्याला, पीक कुठलंही घ्या. कल्पना चांगली, पण हेक्टरवर पैसे म्हटल्यावर ज्याची जमीन जास्त त्याला पैसे जास्त. आणि घरच्यापुरता मका पिकवणाऱ्या कितीतरी लहान कुटुंबांची नावं यादीत आलीच नाहीत. त्यांची मुलं उत्तरेला गेली, सीमेपलीकडे.

सुलभा_उदगीर

केरेतारोच्या ताई, हे वाचून मी ताबडतोब आमच्या २०२४च्या मदतीचा विचार केला. २०२३च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिले. मर्यादा घातली हे चांगलं केलं. पण पैसे सातबारा आणि ई-पीक पाहणीतल्या नावावर आले. आमच्याकडे बटईने (दुसऱ्याची जमीन उत्पन्नाच्या वाट्यावर) करणारे भरपूर आहेत, तोंडी व्यवहार असतो, कागद नसतो. भाव पडल्याचा तोटा बटईदाराने सोसला, मदत मालकाच्या खात्यात गेली. गटातल्या एका बाईने नवरा गेल्यावर दिराची तीन एकर बटईने केली होती. बियाणं, खत, फवारणी सगळं निम्मं तिचं. ती मला पीक पाहणीचा फोटो मोबाईलवर दाखवत होती, शेत तिने पेरलेलं, नाव दिराचं. विधवा बायकांच्या बाबतीत हे सर्रास आहे, कारण वारस नोंदच झालेली नसते.

चिंचवडकर

सुलभाताईंचं वाचून एक सांगावंसं वाटतं. आमच्या मागण्या संघटनेमार्फत दिल्लीत जातात. स्टीलवर शुल्क लागलं की आठवड्यात निवेदन जातं, बैठक होते. बटईदार बाईच्या वतीने वाणिज्य मंत्रालयात कोण जातं? माणसं हलली पाहिजेत हे माझं मत कायम आहे. पण कोरडवाहू दादांसारख्यांना हलता येणार नाही, तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करणं हा उपकार नाही. आम्हाला जे स्वस्त यंत्र मिळालं, त्याच धोरणाचा तो खर्च आहे आणि तो धोरणाच्या हिशोबातच धरायला हवा होता.

तावरजाकाठ

आता मागणी नेमकी काय करायची त्याबद्दल. शुल्काची भिंत उभारा असं मी म्हणणार नाही. आडतवाल्यांनी पेंडीचा हिशोब दिला आणि सुलभाताईंनी कढईचा, त्यानंतर ते म्हणणं टिकत नाही. तीन गोष्टी मात्र आजच्या आज करता येतील.

खाद्यतेल आणि कापसाचं आयातशुल्क मे महिन्यात, पेरणीच्या आधी, जाहीर करा आणि फेब्रुवारीपर्यंत त्याला हात लावू नका. बंदरावर पोचलेल्या तेलाचा दर अमुक झाला तर शुल्क तमुक, असा तक्ता आधीच छापा, म्हणजे मधे जागतिक भाव हलला तरी अधिसूचनेची वाट बघावी लागणार नाही. सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावर साडेसत्तावीस आणि मे २०२५ अखेरीस साडेसोळा, असं हंगामाच्या अधेमधे झालं की नुकसान पेरणाऱ्याचं होतं आणि फायदा ज्याला आधी कुणकुण लागली त्याचा.

दुसरं, या शुल्कातून जमणारा पैसा तेलबिया पिकवणाऱ्या जिल्ह्यांसाठी राखून ठेवा. आज त्यात कृषी पायाभूत सुविधांचा अधिभार धरलेला असतो. तो सोयाबीनच्या जिल्ह्यात किती परत येतो, हे जिल्हावार छापा. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनला भावांतर, म्हणजे हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक, दिलं, तसं इथेही यातून देता येईल. ग्राहकाला तेल महाग न करता शेतकऱ्याला फरक देण्याचा तो एक मार्ग आहे.

तिसरं, रेशनवर तेल. भूमिहीन घराला शुल्काची झळ लागू द्यायची नसेल तर दुसरा उपाय मला दिसत नाही.

आडत_दुकान

भावांतराला माझा एक आक्षेप नोंदवा. मध्य प्रदेशात २०१७ला ही योजना पहिल्यांदा आली तेव्हा योजनेच्या काळात मोंढ्यात आवक एकदम वाढली आणि भाव आणखी पडले, कारण फरक सरकार देणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्याचा फायदा आमच्या धंद्याने उठवला, हे मी आडत्या असून सांगतो. फरक काढताना फक्त तुमच्या बाजाराचा त्या दिवसाचा दर धरू नका. शेजारच्या राज्यांतल्या बाजारांची सरासरी धरा आणि मुदत चार-पाच महिन्यांची ठेवा, म्हणजे आवक पसरेल.

कोरडवाहू

मे महिन्यात शुल्क कळलं तर माझं काम होतं. मग मी ठरवीन सोयाबीन किती अन तूर किती. आत्ता मी पेरतो जूनला, अन भाव ठरतो ऑक्टोबरात दिल्लीत.

सुलभा_उदगीर

तावरजाकाठ सर, भावांतर द्या, रेशनवर तेल द्या, दोन्हीला पाठिंबा. पण पैसे पुन्हा सातबाऱ्यावरच गेले तर आमच्या बायकांना काहीच मिळणार नाही. पीक पाहणीत 'प्रत्यक्ष कसणारा' असा वेगळा रकाना हवा आणि मालकाची सही नसेल तर ग्रामसभेच्या पंचनाम्यावर तो भरता यायला हवा. मालकांना कूळकायद्याची भीती वाटते म्हणून ते नाव लावू देत नाहीत. त्यासाठी 'ही नोंद फक्त मदतीपुरती, कूळहक्क लागत नाही' असं शासन निर्णयातच लिहावं लागेल. इथे कुणी महसूल खात्यात काम केलेलं असेल तर हे नियमात कसं बसवायचं ते कृपया लिहा. मी या खरिपात आमच्या गटांतल्या बटईने करणाऱ्या बायकांची यादी करायला घेतली आहे.